स्टारड्यू व्हॅलीचे स्क्रीनशॉट आणि ‘अस्पष्ट’ हा शेरा : माझा अनुभव

‘अस्पष्ट. पुन्हा द्या.’

विकीवर चित्र अपलोड केलं की तपासणाऱ्याकडून एवढाच शेरा यायचा. काय अस्पष्ट, कुठे, कशामुळे, काही नाही. माझ्या स्क्रीनवर ते चित्र लख्ख दिसत होतं. स्टारड्यू व्हॅली या खेळाच्या चाहत्यांनी चालवलेल्या एका विकीसाठी मी स्क्रीनशॉट काढते. या एका शेऱ्यापायी माझा जितका वेळ गेला तितका बाकीच्या सगळ्या कामात मिळून गेला नसेल. अजून आठवलं की चीड येते. नव्याने येणाऱ्याला तरी यातून जावं लागू नये म्हणून सगळं लिहून ठेवते.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : शेतीचा खेळ, २०१६ साली आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः केलं. चित्रं पिक्सेलची आहेत. जमिनीचा एक चौकोन म्हणजे १६ बाय १६ पिक्सेल, आणि खेळाडूच्या पिशवीत दिसणारी पिकांची, माशांची, दगडांची छोटी चित्रंही त्याच मापाची. प्रत्येक पिक्सेल कुणीतरी हाताने बसवलेला आहे, त्यामुळे एक जरी हलला तरी फुलकोबीचा गड्डा वेगळा दिसतो. म्हणूनच विकीवर या बाबतीत कडक नियम हवेत, हे मला मान्य आहे. नियम नीट समजावून सांगायला हवेत, एवढंच माझं म्हणणं.

खातं उघडणं, नियमांचं पान वाचणं, फाइलला नाव देणं यात काही अडलं नाही. नाव देताना एवढं बघा की मीडियाविकीवर (आमची विकी ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्यावर) लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात (पहिलं अक्षर तेवढं आपोआप मोठं होतं), आणि एकदा दिलेलं नाव साध्या सदस्याला अनेक विकींवर बदलता येत नाही. खेळताना एफ४ दाबलं की घड्याळ, पैसे, खालची पट्टी सगळं गायब होतं आणि मोकळं दृश्य मिळतं. पुन्हा दाबलं की परत येतं. इथवर सगळं सरळ होतं.

मग फुलकोबीचं चित्र पाठवलं. आमच्याकडे नव्या सदस्याचं चित्र एखाद्या जुन्या सदस्याने पाहिल्याशिवाय लेखात लागत नाही. वाट पाहिली, आणि शेरा आला : अस्पष्ट. पुन्हा काढून पाठवलं. पुन्हा वाट, पुन्हा तोच शेरा, शब्दही तेच. नक्की काय बिघडलंय असं चर्चापानावर विचारलं, तर नियमांच्या पानाचा दुवा मिळाला. तिथे लिहिलं होतं, ‘चित्र स्पष्ट असावं.’

शेवटी मी ते चित्र गिम्पमध्ये (चित्रं संपादित करण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये) उघडलं, ८०० टक्के मोठं केलं आणि एकेका पिक्सेलची रुंदी मोजत बसले. तेव्हा दिसलं. काही उभ्या रांगा चार ठिपके रुंद, काही तीनच, आणि मध्येच दोन रंगांची मिसळण झालेली एखादी फिकट रेघ. ठिपक्यांच्या रांगोळीत एक रांग सरकली की पुढची सगळी नक्षी ओढल्यासारखी दिसते, तसं झालं होतं. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही, पण एकदा पाहिलं की दिसायचं थांबत नाही.

कारण खेळाच्या झूममध्ये होतं. स्टारड्यू १०० टक्के झूमला मूळ चित्र बरोबर चौपट करून दाखवतो : एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचे ४ बाय ४ ठिपके. माझा लॅपटॉप लहान आहे, शेत जास्त दिसावं म्हणून मी ९० टक्क्यांवर खेळते. चारचे ९० टक्के म्हणजे ३.६. स्क्रीनला ०.६ ठिपका काढता येत नाही, म्हणून तो कुठे चार काढतो, कुठे तीन आणि कुठे रंग मिसळतो. ८० टक्क्यांना ३.२, ८५ ला ३.४, सगळीकडे हीच रड. ७५ ला पूर्ण ३ येतात आणि १२५ ला पूर्ण ५. पण १०० वर चित्राची पुन्हा मोजणीच होत नाही, म्हणून विकीसाठी काढताना मी डोळे झाकून १०० च ठेवते. शिवाय २०२० च्या डिसेंबरमध्ये १.५ आवृत्ती आली तेव्हापासून मेनूचं माप वेगळ्या पट्टीवर ठरतं. पिशवीतल्या वस्तूचं चित्र काढायचं असेल तर ती पट्टीही १०० वर हवी. झूम १०० करून मेनूचं माप तसंच ठेवलं तर शेत नीट येतं आणि पिशवी बिघडते. हा हिशोब नियमांच्या पानावर कुठेही नव्हता. तो माझा मी काढला, आणि याचा मला आनंद आहे.

झूम १०० करून चित्र पाठवलं. शेरा : अस्पष्ट.

या वेळी रांगा सगळ्या सारख्या होत्या, तरी कडांना धुरकट डाग होते, विशेषतः लाल आणि हिरवा शेजारी आले की. हे स्टीमच्या (ज्या दुकान-ॲपमधून मी खेळ चालवते त्याच्या) एफ१२ चं काम. ते बटण डीफॉल्टने जेपीजी फाइल जपून ठेवतं. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे पाडून माहिती कमी करतं, आणि रंगाची माहिती तर उजेडापेक्षाही जास्त कापतं. लग्नाच्या फोटोत ते कळत नाही, पण पिक्सेलच्या चित्रात प्रत्येक कड उसवते. स्टीमच्या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉटची न दाबलेली (अनकम्प्रेस्ड) प्रत ठेवण्याचा पर्याय आहे. तो सुरू केला की सोबत पीएनजी, म्हणजे काहीही न कापलेली फाइल मिळते. तोवर मी जेपीजीचं पीएनजी करून पाठवत होते, पण त्याचा काही उपयोग नाही, डाग तसेच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच फोटो पाठवून फोनवरून अपलोड करणारेही मी पाहिले आहेत. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र तिथे दाबलं जातं, तेव्हा तसं करू नका.

स्टीमची ती पीएनजी त्याच नावाने पाठवली. आता मला खात्री होती. वाट पाहिली. शेरा : अस्पष्ट, पुन्हा द्या.

त्या दिवशी मी खरंच लॅपटॉप बंद करून उठले. फाइल निर्दोष होती. एकेक पिक्सेल मोजलेला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या फोनवरून सहज त्या फाइलचं पान उघडलं, तर तिथे माझं जुनं, डागाळलेलं चित्र दिसलं! मग उलगडा झाला. मीडियाविकी प्रत्येक चित्राच्या लहान प्रती करून साठवून ठेवतं. त्याच नावाने नवी फाइल टाकली तरी साठवलेली जुनी प्रत काही काळ दिसत राहू शकते, सर्व्हरवर किंवा पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. तपासणारा माझी नवी फाइल उघडतच नव्हता. फाइलच्या पानावरची लहान प्रत बघायचा आणि तीही जुनी. मूळ फाइल उघडायला चित्रावर क्लिक करावं लागतं. लोक फुकट वेळ देतात, त्यांच्यावर कामाचा ढीग असतो, हे मला कळतं. पण जो माणूस दुसऱ्याचं काम परत पाठवतो त्याने निदान ते काम उघडून पाहावं, ही अपेक्षा जास्त नाही.

उपाय सोपा निघाला. फाइलच्या पानाच्या पत्त्याला पर्जची (साठवलेल्या जुन्या प्रती काढून टाकण्याची) सूचना जोडायची, म्हणजे सर्व्हर लहान प्रती नव्याने करतो, आणि मग कंट्रोल-एफ५. तपासणाऱ्यालाही तेच करायला सांगायचं.

आणि मी आणखी एक केलं, ते तुम्हीही करा. गिम्पमध्ये ‘कलर्स’च्या ‘इन्फो’त चित्रात वेगवेगळे रंग किती आहेत ते कळतं. १६ बाय १६ च्या चित्रात पिक्सेलच मुळी २५६, म्हणजे ते कितीही पट मोठं केलं तरी रंग २५६ च्या वर जाऊच शकत नाहीत. त्याहून जास्त रंग निघाले तर कुठेतरी मिसळण झाली आहे हे नक्की. माझ्या जुन्या जेपीजीत ते कितीतरी जास्त निघाले, पीएनजीत मोजकेच. दोन्ही आकडे आणि मूळ फाइलचा थेट दुवा चर्चापानावर टाकला. यावर कुणाला काही बोलता येईना. चित्र त्याच दिवशी लेखात लागलं. लागलेलं पाहून मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं.

आता बाकीचं, आठवेल तसं.

आमच्या विकीवर वस्तूंची चित्रं ४८ बाय ४८ लागतात. १०० टक्क्यांना १६ ची वस्तू स्क्रीनवर चौपट, म्हणजे ६४ ची येते. त्या ६४ चं थेट ४८ करू नका. आधी पाव करून मूळ १६ वर आणा, मग तिप्पट करा, आणि दोन्ही वेळा गिम्पमध्ये ‘इंटरपोलेशन’ला (माप बदलताना मधले रंग कसे ठरवायचे त्या पर्यायाला) ‘नन’ निवडा. तिथे ‘क्युबिक’ राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया.

पिशवीतून वस्तू टिपताना ती एकच नग आणि साध्या प्रतीची हवी, नाहीतर कोपऱ्यात आकडा किंवा चांदीचा-सोन्याचा तारा येतो. माउस वस्तूवरून बाजूला घ्या. खाली हलकी सावली असते, ती हाताने पुसावी लागते. पार्श्वभूमी काढताना निवडीचा ‘थ्रेशोल्ड’ (किती जवळचे रंग एकच धरायचे ते) शून्य, ‘अँटिएलियासिंग’ (कडा मऊ करणं) बंद.

चित्र ‘सुधारण्या’चा मोह टाळा. शार्पन करू नका, रंग उजळू नका, एआयने मोठं तर अजिबात करू नका. ते नसलेले पिक्सेल बनवतं, आणि विकीवर खेळात नसलेली गोष्ट आली तर ती चुकीची माहिती झाली. खेळात संध्याकाळ झाली की सगळ्यावर गडद छटा चढते, पावसातही. इमारतीचं चित्र उन्हाच्या दिवशी दुपारी काढलं की रंग आपोआप बरोबर येतात. खेळातली दहा मिनिटं साधारण सात सेकंदांत जातात, तेव्हा जागा आधी हेरून ठेवा.

पूर्ण शेताचं चित्र हवं असेल तर तुकडे जोडत बसू नका. पर्यायांच्या यादीत अगदी खाली कॅमेऱ्याचं बटण आहे, ते सगळा नकाशा एका फाइलमध्ये देतं. २५ टक्क्यांना एक पिक्सेल म्हणजे एकच ठिपका, अगदी मूळ माप. नेहमीचं शेत ८० बाय ६५ चौकोनांचं, म्हणजे १२८० बाय १०४० ची फाइल. १०० टक्क्यांना तीच ५१२० बाय ४१६० होते, आणि विकीला एवढी मोठी कधीच लागत नाही. हे बटण सुरुवातीला कुणी दाखवलं असतं तर!

खेळाच्या फाइलींमधूनच थेट चित्रं काढणारेही आहेत. सुट्या वस्तूंना ते उत्तम, आपल्या विकीचे नियम बघून करा. पण रात्री दिवे लागलेलं घर किंवा भरलेली मत्स्यपेटी तिथे तयार मिळत नाही, ते टिपावंच लागतं.

ही चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडिया वापरतं त्या चित्रांच्या सामायिक भांडारात) टाकू नका. खेळाचे हक्क निर्मात्याचे आहेत आणि कॉमन्सवर फक्त मुक्त परवान्याचं साहित्य चालतं. मराठी विकिपीडियावर खेळांविषयी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शेवटचं सणांबद्दल. संगणकावर हा खेळ फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. सणाचं चित्र मनासारखं आलं नाही तर झोपू नका. खेळ बंद करा, उघडा, तोच दिवस सकाळी सहाला पुन्हा सुरू होतो. चमकत्या जेलीफिशचा सण उन्हाळ्याच्या २८ तारखेला रात्री दहाला असतो, आणि तो गेला की खेळातलं पूर्ण वर्ष, म्हणजे ११२ दिवस थांबावं लागतं. मी २७ ला रात्री झोपल्यावर सेव्हच्या फोल्डरची प्रत वेगळी काढून ठेवली आहे. समुद्रकिनाऱ्याच्या पानाला नवं चित्र हवं आहे, आणि या वेळी फाइलसोबत रंगांचा आकडा मी आधीच लिहून पाठवणार आहे.