काळ्या रानातला डिटेक्टर: सेन्सिटिव्हिटी उतरवली, खोली वाढली

करवीर तालुक्यातल्या मित्राच्या रानात मेटल डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी (धातू हेरायची तीव्रता) निम्म्यापर्यंत खाली आणली आणि वीतभर खोल पुरलेला भोकाचा पैसा पहिल्यांदा स्वच्छ बोलला. फुल्लवर ठेवल्यावर मशीन नुसतं कुरकुरत होतं, त्या गोंगाटात पैशाचा आवाज कुठला कळतोय!

दोष मशीनचा नाही, मातीचा आहे. आपली काळी जमीन बेसॉल्ट झिजून झालेली. दोरीला चुंबक बांधून सरीतनं ओढा, त्याला काळ्या बारीक कणांची मिशी फुटते. ते मॅग्नेटाइट. सेन्सिटिव्हिटी वाढवली की नाण्याबरोबर या कणांचाही आवाज वाढतो. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज मशीनला वगळायला लावायचा. स्वच्छ जागा बघून कॉईल (मशीनची खालची तबकडी) गुडघ्यापासून जमिनीलगत वर-खाली करायची, आवाज दोन्हीकडं सारखा होईस्तोवर. काळं रान सोडून पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत गेलात की पुन्हा पहिल्यापासून.

वेळ वाफशाची धरा. उन्हाळ्यात भेगा पडल्या की कॉईल भेगेवरनं जाताना खोटा आवाज देते आणि माणूस उगाच खणत बसतो. चिखलात तर जाऊच नका.

या वेळी खरा फरक पडला तो लाईटीनं. शेतीची लाईट पाळीनं येते. मोटर चालू असताना स्टार्टरच्या पेटीजवळ मशीन बडबडत होतं, लाईट गेल्यावर तेच एकदम गप्प. आता पाळी विचारूनच रानात जातो आणि लाईट नसताना सेन्सिटिव्हिटी दोन घरं वर घेतो. मोबाईल बांधावर ठेवायचा, खिशात नाही.

डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको त्या धातूचा आवाज बंद करण्याबद्दल, माझं मत जरा वेगळं आहे. लोखंड पूर्ण बंद करू नका. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, मशीन त्याला बरेचदा खिळ्यातच काढतं. मी सगळे आवाज ऐकतो. बैलाच्या पत्र्या आणि ट्रॅक्टरचे बोल्ट निघतात, निघू देत. वैताग आणतात त्या औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या.

मित्राची आत्ती बांधावरनं बघत होती. म्हणाली, "यंत्र आणलंयस तर माझं जोडवं बघ की, पाटात पाय धुताना गेलंय." चांदी म्हटल्यावर सोपं वाटतं, पण तोंड उघडं असलेलं जोडवं बंद वळ्यापेक्षा बारीक बोलतं, कारण वीज पूर्ण गोल फिरत नाही. घरच्या दुसऱ्या जोडव्यावर आवाज ऐकून ठेवलाय.

नवख्यांसाठी एवढंच: मालकाला विचारल्याशिवाय रानात पाय टाकू नका. पन्हाळगड संरक्षित आहे, तिथं मशीन नेऊच नका. १९४५-४६ साली उत्खनन झालेल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडापासूनही लांबच राहा. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानं दहा रुपयांवरचं जुनं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

ऊस कारखान्याला गेला की पाटाकडंची पट्टी घेणार. शेजारनं लोखंडी पाईप गेलाय, त्यामुळं तिथं लहान कॉईल लावून, पाईपला समांतर, सावकाश फिरवायची.