तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गावावरच्या पाण्यात लोकांना का नेतो

एकच प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. ऑफिसातले लोक विचारतात, "तुमचं गाव कोयनेच्या धरणात, शिवसागर जलाशयात गेलं ना? मग तिथंच लोकांना लाँचमधून फिरायला कसं नेता? वाईट नाही वाटत?" आणि आमची आत्ती विचारते, "घरादारावर पाणी आलं आमच्या, आणि तू तिथं सहली काढतोस?" ऑफिसात मी आजवर गुळमुळीत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आत्तीला तर उत्तरच दिलं नाही. आता एकदाच लिहून टाकतो.

कोयना धरण, 1967 चा भूकंप, पोफळीची वीज हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. आम्ही उठलो ते रायगड जिल्ह्यात येऊन पडलो आणि माझे वडील, आप्पा, पुढे मुंबईला माथाडीत लागले, एवढं पुरे.

वाईट वाटतं. पण कशाचं, ते ऐका. जलाशयाच्या काठच्या बामणोलीला गाडी लावून तुम्ही लाँच ठरवता. तास-दीड तास नुसतं पाणी, दोन्ही काठांना काळंभोर रान, समोर वासोटा किल्ल्याचा कडा. आणि लाँचमध्ये कुणीतरी म्हणतंच, "इथं माणसाचा हातच लागलेला नाही!" त्या वाक्यानं माझं डोकं सणकतं. अहो, तुमच्या लाँचच्या तळाखाली भातखाचरं आहेत. विहिरी आहेत, देवळांची जोती आहेत. ज्या उतारावरचं रान बघून तुम्ही हरखता, तिथं आमची माणसं कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून फिरती शेती करायची, नाचणी-वरी पिकवायची. गवळी-धनगरांचे वाडे होते त्या माळांवर. धरणाचं पाणी चढलं तशी काही गावं वर सरकली. 1985 मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि वर सरकलेल्यांतल्या काहींना पुन्हा गाठोडी बांधावी लागली. वासोट्याच्या पायथ्याचं मेट इंदवली हे नांदतं गाव होतं. आता तिथं तुम्ही वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवता. गडाचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो: 1660 साली महाराजांनी घेतला, व्याघ्रगड नाव ठेवलं, राजापूरच्या वखारीतले इंग्रज इथं कैदेत होते. पायथ्याच्या गावाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि तरीही मला ते रान आवडतं. हे आत्तीसमोर बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहितो. चौकी सोडली की ओढा लागतो आणि पाच मिनिटांत ऊन दिसेनासं होतं. अंजनी, जांभूळ, हिरडा. डोक्यावर शेकरूची उडी. वाटेवर गव्याचं ताजं शेण. वर दरवाज्यापाशी बिनछपराचा मारुती, पुढे महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा, पाण्याची टाकी. बाबूकड्यावर पोटावर झोपून खाली कोकण बघावं, समोर नागेश्वराची गुहा. माणूस उठला म्हणून हे रान इतकं दाट झालं, हेही खरं आहे. ते माझ्या घशाखाली उतरत नाही, पण म्हणून मी ते नाकारत नाही.

आता आप्पांचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

आमची ग्रामदेवी पुनर्वसनात नव्या गावी आणली. पण तिची मूळ जागा, दगडी चौथरा, पाण्याच्या वरच्या अंगाला अभयारण्याच्या हद्दीत राहिला. पाणी चढलं तेव्हा आप्पा दहा-बारा वर्षांचे. त्यांची अँजिओप्लास्टी झाली त्या वर्षी त्यांनी धोशा लावला, "एकदा तिथं नारळ फोडू, एक रात्र ऱ्हाऊ." मे महिन्यात नेलं. मे महिन्यात पाणी इतकं उतरतं की लाँच लागते तिथून झाडीपर्यंत नुसता भेगाळलेला गाळ. आप्पा माझा दंड धरून चालले होते, आणि मध्येच हात सोडला. एक उखळ होतं गाळात, अर्धं पुरलेलं. "हे थोरल्या काकीचं," म्हणाले. मग पुढे बोट करत घरं सांगायला लागले: हितं सुतार, हितं आमची आळी, त्या दगडाम्होरं शाळा भरायची. मला गाळाशिवाय काही दिसत नव्हतं.

झाडीच्या तोंडाशी वनरक्षक होता. तरुण पोरगा, बोलायला अगदी मऊ. रजिस्टर काढलं. नाव, पत्ता, वय. पत्त्यापाशी आप्पांनी गावाचं जुनं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आबा, आधार कार्डावरचा सांगा." मी रायगडचा सांगितला. येण्याचं कारण या रकान्यात त्यानं 'पर्यटन' लिहिलं. मग पिशवी बघितली. तेलाची बाटली, अगरबत्तीचा पुडा, पेढ्यांचा डबा, आप्पांच्या गोळ्यांची पट्टी असं एकेक प्लॅस्टिक मोजून त्यानं वहीत टिपलं आणि अनामत रक्कम घेतली. परत आणून दाखवलं की पैसे परत. आप्पा म्हणाले, "देवीचं हाय ते." तो म्हणाला, "देवीचं असलं तरी कागद-बाटली परत आणायची, आबा. आणि वर काही पेटवू नका, वणव्याचे दिवस आहेत. पाचच्या आत खाली या. मुक्कामाला परवानगी नाही."

त्याचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. मोजतात म्हणून ते रान आजही स्वच्छ आहे, आणि मे महिन्यात निरांजन लावणं म्हणजे आगीला आवतण. त्या पोरानं स्वतःची पाण्याची बाटली आप्पांना दिली, चौथऱ्यापर्यंत हात धरून नेलं. आप्पांनी नारळ फोडला, न पेटवलेल्या वातीसमोर हात जोडले. पाचच्या आत आम्ही खाली होतो. लाँचची वाट बघताना एवढंच म्हणाले, "त्यानं मला पर्यटन लिवलं."

परतीच्या लाँचमध्ये वासोट्याहून उतरलेली कॉलेजची पोरं होती. एकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही गड चढलात?" आप्पा म्हणाले, "मी गडाला न्हाय आलो." आणि मग बामणोली येईपर्यंत ते बोलत होते. नदीला उतार कुठं होता, पावसात पलीकडच्या पोरी माहेरी कशा अडकायच्या, तांदळाची ओझी डोक्यावर घेऊन बाजाराला कुठल्या वाटेनं जायचं, पालखी कुठं थांबायची. घरी आम्ही भावंडं विचारून थकलो होतो. आम्हाला कधी हे सांगितलं नाही. त्या अनोळखी पोरांना सांगितलं, आणि मी शेजारच्या फळीवर बसून पहिल्यांदा ऐकलं.

माझं उत्तर हे आहे. पंचविशीत असताना मी तावातावानं म्हणायचो की तो सगळा भाग बंदच करून टाकावा, कुणीही येऊ नये. त्या पंचविशीतल्या मला मी आज विचारीन: मग बामणोलीच्या लाँचवाल्यांनी खायचं काय? त्यांचीही शेतं त्याच पाण्याखाली आहेत. आणि कुणीच आलं नाही, तर गाळातलं ते उखळ कुणाचं होतं, हे सांगायचं कुणाला? वाघाला?

तो पंचविशीतला मीही मला सोडणार नाही. तो म्हणेल, तू दहा जण नेतोस, त्यातले दोघं ऐकतात, आठ जण रील करतात, आणि पुढच्या वर्षी शंभर येतात. काठावर तंबू वाढलेत, रात्री स्पीकर लागतात. नवीन महाबळेश्वर या सरकारी गिरिस्थान प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यातच या डोंगरातली 235 गावं आहेत. म्हणजे उरलेल्यांच्या जमिनींचं काय होणार ते बघायचंय. हे सगळं बघून मी रात्र रात्र जागा राहतो. माझ्या नेण्यानं त्यात भर पडत नाही, असं मी म्हणू शकत नाही.

पण नेणार. स्पीकर नाही, दारू नाही, मुक्काम बामणोलीत घरगुती, भाकरी-मासे तिथल्याच चुलीवरचे. लाँच आमच्या गावावरून जाईल तेव्हा मी बोलणार, आणि तेवढा वेळ मोबाईल खाली ठेवायचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दुसऱ्या कुणाबरोबर जावं, मला राग नाही.

आत्तीला मी हे वाचून दाखवणार आहे. ती म्हणेल, "आप्पाचं नाव पुढं करू नकोस, सहली बंद कर." डिसेंबरची लाँच मी ठरवून ठेवली आहे.