पिंप, चहाची गाळणी आणि व्हिंटेज

"पीपा," असं म्हणत गाईड मुलीनं त्या आडव्या लाकडी धुडावर थाप मारली आणि मागून मी जवळजवळ ओरडलोच, "पिंप!" सगळे वळून बघायला लागले. हिनं कोपरानं ढोसलं. पण मला राहवेना. आमच्या चाळीच्या मोरीत पाणी साठवायला जे पिंप होतं, ते मूळचं इथलं. साधारण साडेपाचशे लिटरचं, दारूचं. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे ऐकून होतो. पिंपही त्यातलंच आहे हे मला सहासष्टाव्या वर्षी, पोर्तुगालमधल्या एका अंधाऱ्या, दमट वखारीत कळलं.

आम्ही दोघं गेली दोन वर्षं विला नोव्हा द गाया या गावात राहतो. पोर्तो शहर दोरू नदीच्या उत्तर तीरावर, गाया दक्षिण तीरावर. मध्ये 1886 सालचा दों लुईश पूल, वरून मेट्रो जाते, खालून रस्ता. मी बँकेतून निवृत्त झालो. पेन्शनवर जगणाऱ्यांना इथे डी-7 नावाचा व्हिसा मिळतो. त्याच्या कागदपत्रांची कहाणी सांगत नाही, बँकेतल्या माणसालाही घाम फुटला एवढं पुरे. मुलगी युरोपात असते, तिच्याजवळ पण तिच्या घरात नाही, असं अंतर हवं होतं. ते मिळालं.

गाया म्हणजे उतारावर दाटीनं बसलेली लाल कौलं आणि त्यांवर वाईन कंपन्यांची पुरुषभर उंचीची अक्षरं. हा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, ऊन कमी, नदीचा आणि समुद्राचा गारवा जास्त, म्हणून पोर्ट, म्हणजे इथली गोड, कडक वाईन, मुरवायला ही जागा बरी. वाईन पिकते मात्र शंभरेक किलोमीटर वर, दोरूच्या खोऱ्यात. पूर्वी ती राबेलो नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली यायची. 1986 पर्यंत नियमच असा होता की पोर्ट निर्यात करायची तर गायाच्या वखारीतूनच.

योगायोग असा की पोर्ट नावाची पहिली बाटली मी घेतली तीही 1986 सालीच, म्हापशाच्या बाजारात. बँकेतल्या मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो. लाल, गोड, खोकल्याच्या औषधाच्या नात्यातली. परत येईपर्यंत तिचा अर्धा भाग बॅगेतल्या शर्टांनी प्यायला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं "पोर्ट म्हणजे तीच" या समजात काढली. इथे आल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजींनी स्वागत म्हणून वाटीएवढ्या ग्लासात टॉनी, म्हणजे पिंपात मुरवलेली पोर्ट, ओतून दिली. पहिल्या घोटाला अक्रोड, दुसऱ्याला किंचित करपलेली साखर, आणि गिळल्यावरही चव जाईना. मी ग्लास खाली ठेवून बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं.

मग हे होतं कसं ते बघायला सप्टेंबरात दोरूच्या खोऱ्यातल्या पिन्यांव गावाला गेलो. पोर्तोच्या साओ बेंतु स्टेशनातून गाडी सुटते. स्टेशन आधी बघून घ्यावं, निळ्या टाइलांनी भिंती मढवल्या आहेत. गाडीत उजवीकडची खिडकी धरायची. पहिला तासभर काही विशेष नाही, मग अचानक नदी येऊन रुळाला चिकटते आणि पिन्यांवपर्यंत सोडत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि डोंगर कापून केलेल्या पायऱ्या. आपल्याकडच्या घाटातली नाचणीची खाचरं आठवतात. पण इथे माती म्हणायला मातीच नाही, उभ्या चिरा पडलेला करडा शिस्ट खडक. त्या चिरांतून वेलीची मुळं पाण्याच्या शोधात कित्येक मीटर खाली जातात. उन्हाळा असा की दुपारी पक्षीही बोलत नाहीत. मार्केश द पोम्बाल या पोर्तुगालच्या तेव्हाच्या मंत्र्यानं 1756 मध्ये या प्रदेशाची हद्द ठरवली आणि पुढे ग्रॅनाइटचे खांब रोवले. त्यातले काही अजून उभे आहेत.

एका मळ्यात पायानं द्राक्षं तुडवताना पाहिली. ग्रॅनाइटचं उथळ टाकं, त्याला 'लगार' म्हणतात. त्यात मांडीपर्यंत जांभळी झालेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, ओळीनं, हुकमावर पावलं टाकत होती. एक, दोन, एक, दोन. वारीतल्या पावलीची आठवण झाली, फक्त चेहऱ्यांवर भक्तीऐवजी थकवा. मग कुणीतरी "लिबर्दाद!" अशी आरोळी दिली, म्हणजे आता कवायत संपली, मोकळं नाचा. अकॉर्डियन सुरू झालं. पाय कशाला, यंत्रं नाहीत का? आहेत, बहुतेक माल यंत्रावरच होतो. पण पायाखाली द्राक्षाची बी फुटत नाही, बी फुटली की कडवटपणा उतरतो. आणि सालीतला रंग काढायला इथे दोन-तीनच दिवस मिळतात.

कारण पोर्टची सगळी गंमत थांबवण्यात आहे. रस आंबायला लागतो, साखरेची दारू होत जाते, आणि निम्मी-अधिक साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षाचीच ऊर्ध्वपातित दारू, 'आगुआर्देन्त', ओततात. तिच्यात अल्कोहोल 77 टक्के. चार भाग रसाला साधारण एक भाग. यीस्ट जागच्या जागी मरतं, गोडी उरते, आणि वाईन वीस टक्क्यांच्या आसपास जाऊन बसते. तो क्षण धरणारा माणूस मला आपल्या गुऱ्हाळातल्या गुळव्यासारखा वाटला. काहील दोन मिनिटं आधी उतरवली तर काकवी, उशिरा तर करपट. इथेही तसंच.

याच दोरू नदीत वरच्या अंगाला काशांव द व्हालैराच्या खळाळात 1861 मध्ये होडी उलटून फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी बुडाला. होडीत दोना आंतोनिया फरैरा होत्या, तरुणपणी विधवा होऊनही दोरूतले मळेच्या मळे उभे करणारी बाई. लोक सांगतात, त्याला कमरेच्या सोन्याच्या नाण्यांनी खाली ओढलं आणि तिला फुगीर घागऱ्यानं तारलं. खरं-खोटं ती नदी जाणे. पण ही गोष्ट ऐकल्यावर हिनं फॉरेस्टरबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. "फरैरीन्या" या आंतोनियाबाईंच्या प्रेमाच्या नावाची बाटली मात्र दुकानात आपण होऊन उचलली.

आता खाण्याकडे येतो, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसलोय. पोर्ट म्हणजे जेवणानंतरची गोड वाईन असं पुस्तकात असतं. माझा दोन वर्षांचा अनुभव असा की ती जेवणाआधीही चालते, पण जेवणाबरोबर जपून.

संध्याकाळी पांढरी पोर्ट, कोरड्या जातीची, थंडगार. त्यात टॉनिक, बर्फ, लिंबाची चकती. बरोबर बाकाल्याउचे बोलिन्युश, म्हणजे खारवलेला कॉड आणि बटाटा यांचे तळलेले लांबट गोळे. (लिस्बनकडचे याला 'पश्तैश' म्हणतात. इथे तसं म्हटलंत तर वेटर दुरुस्त करतो.) ही मासे खात नाही, तिनं त्या जागी कोथिंबीर वडी केली. माझं स्पष्ट मत आहे की बोलिन्युशपेक्षा कोथिंबीर वडी या पेयाला जास्त जुळते. डाळीच्या पिठाचा खमंगपणा आणि तिळाचा दाणा, वर तो गार, किंचित कडसर घोट. आजींनी सात खाल्ल्या.

चीजच्या बाबतीत नशीब असं की इथलं प्रसिद्ध सेर्रा द एश्त्रेला चीज मेंढीच्या दुधाचं असलं तरी ते विरजायला काट्याच्या झाडाचं, 'कार्दू'चं, फूल वापरतात, वासराच्या पोटातलं रेनेट नाही. त्यामुळे हिला खाता येतं. वरची टोपी गोल कापायची आणि आतलं लोण्यासारखं सैल चीज चमच्यानं काढायचं. त्यावर दहा वर्षांची टॉनी. संक्रांतीला याच टॉनीबरोबर तीळगूळ देऊन पाहिला. टॉनी वर्षानुवर्षं लहान पिंपात हवेशी खेळत मुरते, रंग जाऊन तिला सुक्यामेव्याची, पाकाची चव येते. तीळ आणि गूळ तिला भावकीतलेच वाटले असावेत. पुरणपोळी मात्र जमली नाही, गोडावर गोड, दोघांची चव मेली.

सगळ्यात वाईट फसलो ते कोल्हापुरी रश्श्यावर. मुलीचे मित्र आले होते, मला आपली अक्कल पाजळायची होती. झणझणीत मटण आणि बरोबर रूबी, म्हणजे कमी मुरलेली लाल पोर्ट. तिखटावर वीस टक्के अल्कोहोल म्हणजे जळत्यावर रॉकेल. एक पोरगा न बोलता उठला आणि फ्रीजमधलं दही घेऊन आला.

दुसरा प्रसंग थोडक्यात टळला. एका खानावळीत हिनं काचेसारखं चमकणारं, सोनेरी पुडिंग मागवलं, 'आबाद द प्रीश्कुश'. अंड्याचे पिवळे बलक, साखर, पोर्ट, इथवर ठीक. ही अंडी खाते. चमचा तोंडाशी गेला तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस कौतुकानं म्हणाला, "तोसीन्युमुळे अशी चकाकी येते." तोसीन्यु म्हणजे डुकराची चरबी. तो पाक बनवतानाच घालतात. चमचा परत गेला, पुडिंग माझ्याकडे आलं, आणि खरं सांगू, फार सुरेख होतं. घरी येईपर्यंत तसं म्हणालो नाही.

माझी साखर काठावर आहे. पोर्टमध्ये लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर असते, म्हणजे साठ मिलीच्या ग्लासात सहा ग्रॅम, सव्वा चमचा. इथल्या डॉक्टरीणबाईंनी हिशेब सोपा करून दिला: गोड खायचं किंवा पोर्ट प्यायची, एका दिवशी दोन्ही नाही, आणि रोज तर नाहीच. तेव्हापासून आमच्याकडे जेवणानंतर रोज एक छोटी वाटाघाट चालते.

आणि मग ती व्हिंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची पोर्ट. चांगल्या सालीच व्हिंटेज जाहीर करतात. दोनेक वर्षं पिंपात, मग न गाळता बाटलीत, आणि पुढची वीस-तीस वर्षं ती बाटलीतच बदलत राहते. त्यामुळे तळाशी जाड साका बसतो. लग्नाच्या वाढदिवसाला मी एक जुनी बाटली घेतली, चाकांच्या पिशवीत टाकली, गायाच्या दगडी चढावरून खडखडत घरी आणली आणि त्याच संध्याकाळी उघडली. बुचाचा अर्धा भाग स्क्रूबरोबर वर आला, अर्धा आत पडला. ग्लासात जे उतरलं ते त्रिफळाच्या काढ्यासारखं होतं. हिनं शांतपणे चहाची गाळणी पुढे केली. गाळणीतून साका सुटला तो सुटलाच, चव आली पण जिभेवर वाळू.

आजींना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. बाटली एक दिवस उभी ठेवायची, हलवायची नाही. मग काचेच्या सुरईत एका धारेत ओतायची, बाटलीच्या मानेमागे दिवा धरून, आणि साक्याची काळी रेघ मानेशी आली की थांबायचं.

दुसऱ्या बाटलीला मी सगळं पाळलं. मेणबत्ती सापडेना म्हणून देवघरातलं निरांजन उचललं.

"अहो, ठेवा ते खाली."

"पाच मिनिटं फक्त."

"देवाचा दिवा दारूला?"

मोबाइलच्या टॉर्चवर भागवलं. रेघ दिसली, थांबलो. सुरईत जे उरलं ते माणकासारखं स्वच्छ होतं. उघडलेली व्हिंटेज दोन दिवसांत उतरायला लागते, टॉनीसारखी ती महिनाभर थांबत नाही. म्हणून आजींना वर बोलावलं. त्या अक्रोड आणि निळं चीज घेऊन आल्या. इथे वयस्क माणसाला म्हणायची एक रीत आहे, "पोर्टसारखे आहात, जितके जुने तितके चांगले." त्यांनी माझ्याकडे बघून तेच म्हटलं. हिला भाषांतर करून सांगितलं तर म्हणाली, "त्यांना सांगा, उघडी ठेवली की दोन दिवसांत उतरते."

ग्लास रिकामा करता करता आजींची नजर देवघराकडे गेली. त्या उठून जवळ गेल्या, वाकून निरांजनाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "आझैत?" त्यांनी विचारलं. ऑलिव्हचं तेल का? ही म्हणाली, "तूप." मी "मान्तैगा" म्हणालो, लोणी, जवळचा शब्द तोच होता. त्यांची आई येशूच्या आईपुढे, मारियापुढे, रोज रात्री तेलाची लांपारीना लावायची, त्या सांगत होत्या, वात कापसाचीच, घरी वळलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बिनलेबलाची बाटली होती. मला वाटलं पोर्ट, मी हौसेनं बूच काढून वास घेतला. ऑलिव्हचं तेल होतं. हिनं माझ्या हातातून बाटली घेतली, देवघरात ठेवली आणि म्हणाली, "ही तुमची नाही."