चढवलं कोणी, उतरवणार कोण

सजावट दिसली की कौतुकाच्या आधी माझ्या डोक्यात हिशेब सुरू होतो. हे चढवलं कोणी, आणि उतरवणार कोण? घरात मला यावरून बरंच ऐकून घ्यावं लागतं. नाताळात भाची मला अमेरिकेतल्या ॲशव्हिलला बिल्टमोर नावाची जुनी हवेली दाखवायला घेऊन गेली, तेव्हा तिनं आधीच बजावलं, “मावशी, तिथे केर-फरशीचा विषय नको हं.”

आता न काढून कसं चालेल? अडीचशे खोल्या, ४३ बाथरूम, ६५ फायरप्लेस. हवेलीचा धनाढ्य मालक जॉर्ज व्हँडरबिल्टनं १८९५ साली नाताळच्या आदल्या दिवशी इथे पाहुणे बोलावले आणि वास्तूचा श्रीगणेशा केला. तेव्हा स्वारी अविवाहित! आमच्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून दोन मोऱ्या होत्या आणि सकाळी त्यावरून भांडणं व्हायची.

मेजवानीच्या दालनाचं छत ७० फूट उंच, आणि त्यात नाताळचा ३५ फुटी फ्रेझर फर वृक्ष उभा. खरा, तोडून आणलेला. आत शिरताच ओल्या राळेचा वास येतो. सगळ्यांचे फोन वर. “मावशी, वर बघ ना!” मी बुंध्याशी बघत होते. कामावरची एक बाई गुडघे टेकून गळलेल्या सुया हातानं गोळा करत होती. सुया संपल्यावर तिनं जवळच्या खोट्या भेटखोक्याची फीत सरळ केली, जरा मागे सरकून पाहिली, आणि पुन्हा थोडी वाकडी केली. शाबास!

वाड्यातला गणपती गेला की दुसऱ्या दिवशी बाबा स्टुलावर चढायचे. आरास करायला पोरांची झुंबड, उतरवायला मात्र मी एकटी. ते एकेक टाचणी उपसून खाली द्यायचे, मी ती पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची. झिरमिळ्यांच्या पट्ट्या दोन्ही टोकांनी गुंडाळत मध्ये आणायच्या, फाटता कामा नयेत. भिंतीवर खळीचे डाग उरायचे. रिकाम्या चौरंगाकडे बघवत नसे, म्हणून मी डब्यातच बघायची. बाबा त्या दिवशी फार बोलत नसत. टाचण्या पुढच्या वर्षी गंजलेल्या निघत, तरी ते त्याच वापरत.

असो. वरच्या मजल्यांवर झाडं, हार, दिवे, पुन्हा झाडं. एक पाटी वाचायला थांबले. जॉर्जची बायको एडिथ नाताळात नोकरांच्या मुलांना भेटी द्यायची आणि कुणाला काय दिलं याची नोंद ठेवायची. बाई मला आवडली.

मग तळघर. बोलिंगची खोली, पोहण्याचा हौद, तिथे गर्दी. पुढे स्वयंपाकघरं, कोठ्या, आणि धुण्याची खोली. भिंतीत उभ्या फळ्या, त्या बाहेर ओढल्या की मागे लाकडी दांड्या. दांड्यांवर ओले कपडे टाकायचे, फळी आत ढकलायची, आत ऊब. ऐन पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत म्हणून पंख्याखाली दोऱ्या बांधणाऱ्या घरातली मी, तिथून पाय निघेना.

“अडीचशे खोल्या सोडून तुला हे आवडलं?”

“हो.”

तिनं त्या दांड्यांपुढे माझा फोटो काढला आणि पुण्याला तिच्या आईला पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, तरी ताईचं लगेच उत्तर आलं, “माप घेऊन ये.”