आमची वाटचाल : देणगी नेमकी कुठे द्यायची?

आमची फर्म एका हॅकेथॉनमधून, म्हणजे रात्रभर बसून प्रोग्रॅम लिहायच्या स्पर्धेतून उभी राहिली आणि त्या हॅकेथॉनमध्ये आम्हाला काहीही मिळालं नाही. पहिलं बक्षीस पार्किंग शोधून देणाऱ्या ॲपला गेलं. ते ॲप पुढे कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही, पुण्याचं पार्किंग आहे तिथेच आहे. परीक्षकांनी आम्हाला विचारलं, "यात पैसे कुठून येणार?" प्रश्न रास्तच होता. तो पार्किंगवाल्यांना का विचारला नाही, एवढंच माझं म्हणणं.

देणगीसाठी संस्था शोधून देणारी वेबसाइट हा त्या हॅकेथॉनमधला माझा आणि भागीदाराचा पहिलाच प्रोजेक्ट. रात्रभर बसून जँगो हे फ्रेमवर्क आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस घेऊन साइटची मागची बाजू उभी केली. दर्शनी बाजू बूटस्ट्रॅप या तयार साच्याची, म्हणजे तेव्हा निम्म्या साइट दिसायच्या तशीच. शोधायची रीत मात्र आमची होती. इतर याद्यांत 'शिक्षण', 'आरोग्य' असे कप्पे असतात. आमचा पहिला प्रश्न होता : तुमच्याकडे द्यायला काय आहे? पैसे, जुनी पुस्तकं, व्हीलचेअर की शनिवारची दुपार? हे भागीदाराला सुचलं. त्याच्या आजोबांचा दवाखान्याचा पलंग घरात पडून होता आणि तो कुणाला द्यावा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरी मेहनत माहितीची. हाती आलेल्या याद्या श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत टाइप केलेल्या, आजच्या युनिकोडमध्ये आणल्या की जोडाक्षरांचा चुरा. शिवाय लोक शोधतात कसे? 'विद्यार्थी साहाय्यक समिती' हवी असते आणि टाइप करतात 'सहायक', 'सहाय्यक', 'समिति'. सगळ्यांना तीच संस्था सापडली पाहिजे. त्यासाठी लिहिण्यातले असे बारीक भेद बाजूला ठेवून तुलना करणारं एक छोटं फंक्शन भागीदारानं लिहिलं, ते आजही जसंच्या तसं चालू आहे. पत्त्यांचं तर विचारूच नका. 'मारुतीच्या मागे, जुन्या डेअरीसमोर' याचे अक्षांश-रेखांश कुठला जिओकोडर देणार? आणि नुसतं 411030 टाकून सदाशिव पेठेतला वाडा सापडत नाही. म्हणून स्कूटर काढली, जाऊन नकाशावर टाचण्या लावल्या आणि प्रत्येक पत्त्याखाली तिथे कसं पोचायचं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं.

2018 मध्ये गूगलच्या नकाशांचे दर बदलले तेव्हा ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला मोफत नकाशा आणि तो पानावर दाखवणारी लीफलेट ही लायब्ररी यांच्यावर गेलो. जाणकारांना त्यातली हमाली सांगायला नको.

आता आमची यादी दुसऱ्याच्या साइटवर गेली ते प्रकरण. बाणेरच्या बाजूला काचेच्या इमारतीत ऑफिस असलेल्या एका कंपनीनं आम्हाला कॉफीला बोलावलं. "एकत्र काहीतरी करू, जरा तुमची एक्सेल पाठवा ना." आम्ही पाठवली नाही. थोड्याच दिवसांत त्यांची साइट आली. संस्था आमच्याच, क्रमही आमचाच. योगायोग म्हणावा तर एका संस्थेच्या पत्त्याखाली चक्क हे वाक्य : 'दत्तमंदिरापासून उजवीकडे. रिक्षा आत जात नाही.' हे वाक्य माझं आहे! त्या बोळात भर पावसात स्कूटर ढकलत मी गेलो होतो, ते नव्हते.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, नुसत्या नाव-पत्त्यांवर हक्क सांगणं अवघड. वाक्यावर सांगता येईल, पण एका वाक्यासाठी कोर्टात उभे राहणार का? नाही राहिलो. तिकडे आमच्याकडून संस्थांची पडताळणी करून घेणारी हिंजवडीची कंपनी आपल्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं काम घेऊन बाणेरवाल्यांकडे गेली. त्यांचे स्लाइड चांगले होते म्हणे. टिळक रस्त्यावरचं ऑफिस सोडून आम्ही भागीदाराच्या माळ्यावर आलो. आणि त्यांच्या साइटवर पैसे भरणारी संस्था वर दिसते, न भरणारी खाली. देणाऱ्याला हे कुठेही सांगितलेलं नाही.

त्या दिवसांत आम्हाला तारलं एका काकूंनी. बँकेतून निवृत्त, वडिलांच्या श्राद्धाच्या तिथीला दरवर्षी नव्या संस्थेला देणगी द्यायची हा त्यांचा नेम. साइट उघडायच्या नाहीत, थेट फोन करायच्या. "बाकी राहू दे रे, तिथे फोन उचलतात का, ते सांग." त्या प्रश्नावरून आमच्या यादीत 'फोन उचलतात का' हा रकाना आला. तो आम्ही खरोखर फोन लावूनच भरतो. पुढे 2021-22 पासून संस्थांना देणगीदारांची माहिती 10-बीडी या प्राप्तिकराच्या फॉर्ममध्ये 31 मेपर्यंत भरणं आलं, उशीर झाला की दिवसाला 200 रुपये. काकू एका छोट्या ट्रस्टच्या खजिनदार. पावतीपुस्तकं पिशवीत घालून माळ्यावर आल्या, निम्म्या पावत्यांवर पॅनच नाही. ती सगळी माहिती आम्ही भरून दिली, मग त्यांनी ओळखीचे ट्रस्ट पाठवले. पैसे कुठून येणार, या परीक्षकांच्या प्रश्नाचं हे उत्तर. त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जाता जाता, ट्रस्टचे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्या, पुढच्या मीटिंगची वाट बघू नका. देणगीदारांनी रोख 2000 च्या वर देऊ नये, 80-जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची वजावट मिळत नाही. साधी पावती मिळाली म्हणून गप्प बसू नका, 10-बीई हे प्राप्तिकरासाठीचं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि हॅकेथॉनला जाणाऱ्या मुलांनो, नकाशा सर्वांत शेवटी लावा आणि रात्री दोननंतर नवी लायब्ररी घालू नका.

त्या कंपनीच्या साइटवर परवा सहज डोकावलो. 'रिक्षा आत जात नाही' अजून तसंच आहे. मधे तो बोळ रुंद झाला, रिक्षा आता संस्थेच्या दारापर्यंत जाते. आमच्या पानावर ते त्याच आठवड्यात बदललं होतं.