गैरहजरांची वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या कार्याविषयी लिहावे, असे पत्र आले तेव्हा मला सर्वप्रथम आठवली ती आमच्या वर्गशिक्षिका बाईंची पाठकोऱ्या कागदांची वही. हजेरी सगळेच शिक्षक घेत. बाई मात्र हजेरी आटोपल्यावर त्या वहीत न आलेल्या मुलींची नावे उतरवीत आणि प्रत्येक नावापुढे शिसपेन्सिलीने कारण लिहीत. ‘ताप’, ‘धाकट्या भावाला सांभाळते’, ‘वही नाही’ अशी ती कारणे असत. कारण ठाऊक नसेल तर ती जागा कोरी राही आणि त्या मुलीच्या शेजारपाजारच्या एखादीला संध्याकाळी चौकशी करून येण्याचे काम मिळे. हे काम माझ्या वाट्याला बरेचदा येई, आणि खरे सांगायचे तर मला ते मुळीच आवडत नसे.

पुढे परिचर्येचे शिक्षण घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत आलेल्या माणसाचे नाव, वय, तक्रार आणि दिलेले औषध यांसाठी रकाने होते. जो आलाच नाही त्याच्यासाठी रकाना नव्हता. वर्षाचे अहवाल याच नोंदवहीवरून तयार होत असल्यामुळे, उंबरठ्यापर्यंत न पोचलेला माणूस अहवालातूनही आपोआप गळत असे. कित्येक वर्षे मला त्यात काही वावगे वाटले नाही.

नोकरीत असतानाच सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करण्याची संधी मिळाली, तेव्हा वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांचा १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेख वाचनात आला. जिथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, तिथेच चांगली सेवा सर्वांत कमी मिळते, आणि ही सेवा बाजाराच्या हवाली जितकी अधिक केली जाईल तितकी ही तफावत वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने ‘इ. स. २०००पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय जाहीर केले. ते वर्ष उलटून गेले, ध्येय मात्र गाठायचे राहिले. तरीही त्या जाहीरनाम्याला मी कधी नावे ठेवली नाहीत, कारण आरोग्यसेवेच्या आखणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, हे त्यात स्पष्ट शब्दांत मांडलेले आहे.

माझ्या कामाला प्रत्यक्ष उपयोग झाला तो मातामृत्यूंच्या कारणांचा शोध घेताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मांडलेल्या तीन विलंबांचा. मदत घ्यायची हे घरात ठरण्यास होणारा विलंब पहिला, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला दुसरा आणि पोचल्यानंतर योग्य उपचार सुरू होण्यातला तिसरा. हे तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात. मागच्या खेपेला दवाखान्यात ताटकळावे लागले असेल, तर पुढच्या खेपेला निघण्याचा निर्णयच लांबतो. आम्ही आरोग्य कर्मचारी दुसऱ्या विलंबाविषयी, म्हणजे रस्ते आणि वाहने यांविषयी, तावातावाने बोलतो. त्यात आमचा दोष निघत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

हे मला कळले ते लसीकरणाच्या कामात. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील लशीचा पहिला डोस शंभर बालकांनी घेतला आणि तिसरा ऐंशी जणांनीच, तर गळती वीस टक्के, असा तो सोपा हिशोब असतो. ज्या बालकाला पहिलाच डोस मिळालेला नाही, ते या शंभरात धरलेलेच नसते. म्हणून गळतीचा आकडा कमी दिसला तरी वंचित राहिलेली बालके बरीच असू शकतात. मी गळती झालेल्यांची यादी घेऊन घरोघरी जाऊ लागले. शाळेत न आवडलेले काम आता पगारी झाले होते!

त्या यादीतले एक घर केंद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. बाळाच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेले लसीकरणाचे कार्ड बाहेर काढले. पहिल्या डोसाची तारीख नीट लिहिलेली होती, त्याखालच्या चौकटी रिकाम्या होत्या. दुसऱ्या डोसाला यायला दोन आठवडे उशीर झाला म्हणून रांगेतल्या सगळ्यांदेखत बाई रागावल्या, आणि मग तशीच परत आले, असे ती मान खाली घालून म्हणाली. तिने मला ओळखले नाही. मी तारीख विचारली आणि मनाशी पडताळून पाहिली. त्या दिवशी टेबलामागे मीच बसले होते. वर्गात आल्या आल्या गैरहजेरीचा जाब आमच्या बाईंनी कुणालाही चारचौघींत विचारला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

रागावणारी मीच होते, हे मी तिला सांगितले. ती काहीच बोलली नाही. उशीर झाला तरी ही लस पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागत नाही, राहिलेले डोस तेवढे पुरे करायचे असतात, हेही सांगितले; ते खरे तर त्याच दिवशी टेबलाशी सांगायला हवे होते. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी ती येईल अशी मला खात्री नव्हती, पण ती आली, आणि कार्डावरची दुसरी तारीख मी माझ्या हाताने लिहिली. त्याच आठवड्यात केंद्राच्या नोंदवहीत मी पट्टीने एक जादा रकाना आखला आणि ‘न येण्याचे कारण’ असे त्याला शीर्षक दिले. वरिष्ठांनी त्याबद्दल विचारणा केली, तेव्हा आमच्या शाळेत अशी पद्धत होती, एवढेच मी सांगू शकले. त्या रकान्यातली पहिली नोंद होती, ‘कर्मचारी रागावल्यामुळे’.