कऱ्हाडचं गिऱ्हाईक सापडलं, पॅच मर्ज झाला (अपडेट ३)

मंडळी, झाला एकदाचा मर्ज!! म्हणजे मी केलेली दुरुस्ती (पॅच) अॅपच्या मूळ कोडमध्ये घेतली गेली. दोन महिने लागले आणि शेवटी कोड किती तर अकरा ओळी.

ज्यांनी आधीचे अपडेट वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं साताऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे आणि उधारी मी एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) नोंदवही अॅपमध्ये ठेवतो. मी कॉम्प्युटरवर टाइप करतो, दादा मोबाईलवर. आता 'कऱ्हाड' सर्च केलं की माझ्या नोंदी यायच्या आणि दादाच्या गायब. 'गिऱ्हाईक' तेच, 'साताऱ्यात' पण तेच. अण्णा म्हणाले, "वहीत बरं सापडायचं रे सगळं."

कारण मागच्या वेळी सांगितलं होतं. माझा कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घेतो, यू+०९३१ (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत, हा त्यातला नंबर), आणि त्याला हलन्त जोडतो. दादाचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारा जोडक टाकतो, झेडडब्ल्यूजे, यू+२००डी. स्क्रीनवर दोन्ही अगदी सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलं असेल तर ते एका रूपात आणणं, ते र आणि नुक्ता मिळून ऱ करतं पण झेडडब्ल्यूजेवाल्याला हातच लावत नाही, मी आधी त्याच्याच भरवशावर बसलो होतो.

पहिला प्रयत्न आठवला की अजून हसू येतं. मी म्हटलं र् नंतर य किंवा ह आला की सरळ ऱ् करून सेव्ह करू, विषय संपला. लावलं, आणि पहिल्याच नोंदीत 'मंगल कार्यालय' चं 'मंगल काऱ्यालय' झालं. सूर्य, आचार्य, पर्याय सगळे आडवे. नशीब टेस्टच्या कॉपीवर चालवलं होतं नाहीतर अण्णांनी कॉम्प्युटरसकट मला पोवई नाक्यावर सोडला असता.

मग ठरवलं की साठवलेल्या मजकुराला हात लावायचा नाही, फक्त शोधताना दोन्ही बाजू एका साच्यात आणायच्या. एनएफसी करा, झेडडब्ल्यूजे काढा, ऱ चा र करा. पुल रिक्वेस्ट (माझा बदल अॅपमध्ये घ्या अशी विनंती) टाकली आणि खरी गंमत इथून पुढे. अॅपचा कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरला देवनागरी वाचता येत नाही, त्याचा पहिला प्रश्न, टेस्टमधल्या या दोन ओळी तर सारख्याच आहेत, तू नक्की काय तपासतोयस? बरोबरच आहे की राव, डिफमध्ये (काय बदललं ते दाखवतात तिथे) मलाही सारख्याच दिसत होत्या! मग सगळ्या टेस्ट अक्षरांऐवजी कोड पॉइंट (म्हणजे ते युनिकोड नंबर) टाकून लिहिल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे आमच्या इथल्या डोंगरातल्या, असं स्क्रीनशॉट लावून समजावलं. तेव्हा त्याला पटलं की हे दोन र उगाच नाहीत.

पण त्याने एक चूक अशी पकडली की मानलं. फॅमिलीवाले इमोजी असतात ना, आई बाबा पोरं एकत्र, ते पण झेडडब्ल्यूजेनेच जोडलेले असतात, मी सरसकट काढला तर त्यांचा सर्च मोडणार. म्हणून आता फक्त हलन्तानंतरचाच काढतो. मग त्याने विचारलं की तुझ्या पद्धतीने दर्या आणि दऱ्या एकत्र सापडतील, चालेल का? म्हटलं चालेल, शोधताना दोन जास्त आले तर नजरेने गाळता येतात, एक राहिला तर उधारी बुडते. वर जे लोक जोडक न टाकता 'कर्हाड' असं रफार देऊन लिहितात, तेही यात सापडतात.

शेवटी कमिट (बदलाची नोंद) दोन भागात कर म्हणाला. रिबेस करताना, म्हणजे बदल नव्याने मांडताना, ब्रँचच (माझ्या कामाची वेगळी शाखा) उडवली, त्यात लाईट गेली, रात्री साडेअकराला रीफ्लॉगमधून (आधीच्या हालचालींच्या नोंदीतून) परत काढली. त्यावर जास्त बोलत नाही.

काल दादाच्या मोबाईलवर 'कऱ्हाड' टाकलं, सगळ्या नोंदी आल्या. अण्णांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "काळे काशीदच्या आधी कसे काय?"

झालं. ळ युनिकोडमध्ये ल च्या लगेच नंतर बसलाय आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, अॅप नुसत्या कोड पॉइंटने क्रम लावतंय. इश्यू टाकलाय. मराठी कोलेशन (वर्णमालेप्रमाणे क्रम लावणं) कुणी आधी लावलं असेल तर सांगा, यावेळी काऱ्यालय नको.